अळणावरचा कॅन

अण्णांच्या सायकलला लटकणाऱ्या पांढऱ्या कॅनमध्ये काय असतं, यावरून आमच्या आरोग्य खात्यात तीन पक्ष पडले होते. एक पक्ष म्हणायचा ताक, दुसरा म्हणायचा कुठल्यातरी वैद्याचा काढा, आणि तिसरा काही न म्हणता नुसता डोळे मिचकावायचा. मी नवा असल्यामुळे मला कुठल्याच पक्षात घेतलं नव्हतं. पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन होता तो, झाकण सुतळीने बांधलेलं. अण्णा रोज सकाळी अळणावरहून रेल्वेने यायचे. हुबळीला उतरताना कॅन काठोकाठ भरलेला असायचा, संध्याकाळी गाडीत चढताना रिकामा. मधल्या वेळात त्यातला एक घोटही त्यांनी स्वतः घेतलेला कुणी पाहिला नव्हता. शिवाय स्टेशनापासून ऑफिसचा रस्ता सायकलने पंधरा मिनिटांचा, अण्णांना तो पुरता तासभर लागायचा. विचारलं की म्हणायचे, चढ आहे. हुबळीत तेवढा चढ कुठे आहे ते मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

एकदा मी धीर करून विचारलंच.

"अण्णा, कॅनमध्ये काय असतं?"

"पाणी."

"कसलं?"

"आमच्या विहिरीचं. उकळून आणतो."

"मग पीत का नाही?"

"मला कशाला?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मूर्ख प्रश्न मीच विचारला होता असं मला वाटलं.

अण्णांच्या हाताखाली आलो तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो. ते हेल्थ इन्स्पेक्टर, मी हेल्थ असिस्टंट, आणि आमचा भाग म्हणजे जुनी हुबळी. साथीचे रोग आटोक्यात ठेवणे, असं माझ्या नेमणुकीच्या कागदात एका ओळीत लिहिलं होतं. प्रत्यक्षात ते काम म्हणजे लोकांच्या घरात शिरून पिंपात बॅटरी मारायची आणि डासांच्या अळ्या बघायच्या, नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही ते तपासायचं, क्षयाच्या गोळ्या चुकवणाऱ्यांच्या मागे फिरायचं, आणि एका गल्लीत दोन-तीन माणसं एकाच दुखण्याने आडवी झाली की ते दुखणं आलं कुठून याचा माग काढायचा. लोकांना यातलं काहीही आवडत नाही. आमच्याकडे नळाला पाणी आठ दिवसांनी येतं. बायका ते थेंबाथेंबाने जपतात, आणि आम्ही जाऊन म्हणणार, अळ्या आहेत, पिंप ओता. पहिल्याच आठवड्यात एका आजीने मला झाडू दाखवला होता.

अण्णा कधी पिंप ओता म्हणायचे नाहीत. पिशवीतून जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा काढायचे, पिंपातलं पाणी दुसऱ्या भांड्यात स्वतः गाळून द्यायचे आणि कापडावर वळवळणाऱ्या अळ्या घरच्या बाईपुढे धरायचे. "नोड्री अक्का, बघा, तुमच्या घरी वाढलेली मुलं." बाई आधी किंचाळायची, मग शेजारणीला बोलवायची. पुढच्या आठवड्यात त्या अख्ख्या ओळीतली पिंपं झाकलेली असायची. साहेबांना मात्र हा प्रकार पसंत नव्हता, कारण एका घराला अण्णांना अर्धा तास लागायचा आणि कागदावर दिवसाला साठ घरं दाखवायची असायची.

प्रत्येक घरी ते पाणी मागायचे. "नीरु कोड्री." पेला आला की त्यातलं थोडं काचेच्या नळीत घ्यायचं आणि औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. इथपर्यंत सगळं पुस्तकातलं. पण पाणी पिवळं होवो न होवो, पेल्यात उरलेलं अण्णा पिऊन टाकायचे.

"अण्णा, पिवळं झालं नाही की हो!"

"मागून घेतलेलं पाणी ठेवून कसं देऊ तम्मा? बाई म्हणेल आमच्या पाण्याला नाव ठेवलं. पुढच्या वेळी दार उघडेल का ती?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, ते मला तसंच हाक मारायचे.

"पण पाणी खरोखरच वाईट आहे."

"ते लिहिलंय की आपण वहीत."

लोकांना उकळलेलं पाणी प्या म्हणून सांगायचं, स्वतःजवळ उकळलेलं पाणी बाळगायचं आणि पिताना मात्र दिसेल ते प्यायचं. मी रात्रंदिवस विचार केला असं नाही म्हणत, पण बस चुकल्यावर वगैरे हा विषय माझ्या डोक्यात यायचा आणि तसाच अर्धवट राहायचा.

हात धुण्याचीही एक तऱ्हा. साबण लावून कन्नडमध्ये मोठ्याने एक ते वीस म्हणायचे, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. मागे रांग खोळंबायची, पोरं खिदळायची. मग करोना आला आणि सगळं गाव वीसपर्यंत मोजायला लागलं. मला वाटलं अण्णा आता खूश होतील. तर त्यांनी मोजणंच बंद केलं. म्हणाले, "सगळेच मोजतायत, चुकलं तर कुणीतरी सांगेल." हे चेष्टेत होतं की खरं, ते कळायला त्यांच्या चेहऱ्यावर काही मिळेल म्हणून मी बघितलं, पण तेव्हा मास्क होता.

एका घरातल्या मुलीला क्षय झाला होता. सहा महिने गोळ्या घ्यायच्या. घरच्यांची एकच विनवणी, गल्लीत कळू देऊ नका, लग्नाची मुलगी आहे. आता आमच्या खात्याचा माणूस दर आठवड्याला एकाच दारात गेला की गल्लीला कळायला किती वेळ लागतो? अण्णांनी युक्ती काढली. काळा कोट चढवला, कपाळाला गंध लावलं, काखेत पंचांग मारलं आणि स्थळं आणणारे म्हणून त्या घरी जायला लागले. गोळ्यांची पाकिटं पंचांगाच्या पानांत. दोन महिने झकास चाललं. तिसऱ्या महिन्यात समोरची बाई मुलीच्या आईला म्हणाली, "आठवड्याला एक स्थळ येतंय, जमत एकही नाही. मुलीत काही खोट आहे काय की?" झालं, जे टाळायचं तेच अंगावर आलं. मी म्हटलं, अण्णा, आता वेष बदला, विम्याचे एजंट व्हा. ते म्हणाले, "मग तर म्हणतील स्थळवालासुद्धा कंटाळून धंदा बदलून बसला." शेवटी त्यांनी मुलीला विचारून खरोखरच स्थळ शोधलं. अळणावरच्या बाजूचा, लाकडाच्या वखारीत नोकरी करणारा मुलगा. त्याला गोळ्यांपासून सगळं आधी सांगितलं. गोळ्या संपल्या, डॉक्टरांनी बरी झाली म्हणून लिहून दिलं आणि लग्न लागलं. मांडवात तीन बायकांनी आपापल्या मुलींच्या पत्रिका अण्णांच्या हातात कोंबल्या आणि अण्णांनी त्या घेतल्या. पुढे कित्येक दिवस आमच्या क्षयाच्या फायलींतून पत्रिका निघायच्या. हा माणूस फार शहाणा आहे की याच्या हातून सगळं आपोआप घडत जातं, हे मला तेव्हापासून कळेनासं झालं.

आता काविळीचं सांगतो. ते सांगायचं तर आधी आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी तेव्हा कुणाला सांगितली नव्हती.

आमचं घर जुन्या हुबळीतच, एका चढत्या गल्लीच्या अगदी शेवटी. घरात आई, दादा, वहिनी आणि मी. आई निवृत्त शिक्षिका, गल्लीत सगळे तिला मास्तरीणबाई म्हणतात. शेवटचं घर म्हणून नळाचं पाणी आमच्यापर्यंत येता येता करंगळीएवढं व्हायचं. त्या वर्षी वहिनीला दिवस गेले आणि डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं. दादा दुर्गदबैलच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहे. त्याने एक छोटी मोटार आणली आणि थेट नळाच्या पाइपलाच जोडली. पाइपमधून पाणी ओढून घेणारी ही मोटार लावायला मनाई आहे, आणि मी तर आरोग्य खात्यातला. म्हणून मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशेजारी ती ठेवून वर एक टब पालथा घातला होता. मोटार सुरू झाली की शेजारच्या नळांचं पाणी जायचं. पण त्याची आमच्या गल्लीत एक रीत आहे. ज्याच्याकडे मोटार त्याने टाकी भरल्यावर नळी लावून शेजाऱ्यांची पिंपं भरून द्यायची. आईच्या मर्जीतल्या सहा घरांना आमच्या टाकीतून पाणी जायचं. त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती, उलट आशीर्वाद होते.

आणि त्याच गल्लीत कावीळ सुरू झाली. आधी एक शिंपी, मग त्याचा मुलगा, मग पलीकडच्या घरातल्या दोघी. लोक काविळीला कामणी म्हणायचे आणि गळ्यात मुळ्यांच्या माळा घालून बसायचे. रक्त तपासून आलं तेव्हा कळलं, ही पाण्यातून पसरणारी कावीळ होती. धडधाकट माणूस यातून महिन्या-दोन महिन्यांत उठतो. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत झाली तर मात्र आई आणि बाळ दोघांच्याही जिवाचा भरवसा देता येत नाही. हे मी लोकांना बैठकांमध्ये सांगायचो, मला तोंडपाठ होतं. वहिनीला सातवा महिना लागला होता.

मी घरी सांगितलं, पाणी उकळून प्या. आई म्हणाली, "आपल्या घरात कुणाला काही झालंय का? उगीच पोरीला भीती घालू नकोस." दोन दिवस तिने उकळलं, तिसऱ्या दिवसापासून पुन्हा माठातलं. मी मोटारीचा विषय काढला नाही. मला कळलं नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. मला कळून घ्यायचं नव्हतं.

साहेबांचा हिशोब सरळ होता. मुख्य पाइप कुठेतरी फुटला असणार. पण मग एकाच पाइपवरची सगळी घरं आजारी पडायला हवीत. इथे एक घर आजारी, मधलं ठणठणीत, पुढचं परत आजारी. नकाशावर खुणा करून साहेब वैतागले. मीही नकाशाकडे बघत बसायचो. आणि अण्णा सगळ्या गल्लीला क्लोरीनच्या गोळ्या वाटून झाल्यावर भलतेच प्रश्न विचारत घरोघर फिरायला लागले.

"सणाला पुरणाच्या होळगीचं पहिलं ताट कुणाकडे पाठवता?"

"मास्तरीणबाईंकडे."

"पापड लाटायला कुणाच्या गच्चीवर जमता?"

"मास्तरीणबाईंच्या की."

वही माझ्या हातात. कावीळ असलेल्या सहाही घरांपुढे माझ्याच घराचं नाव मी माझ्याच अक्षरात लिहिलं. चौथ्या घरापासून मी वही छातीशी घट्ट धरून लिहायला लागलो होतो. अण्णांनी एकदा विचारलं, "काय रे तम्मा, थंडी वाजते?" मी म्हटलं, नाही.

मग ते ठणठणीत असलेल्या मधल्या घराच्या पायरीवर जाऊन बसले. त्या घरातल्या बाईचं आणि आमच्या आईचं दोन वर्षांपासून बोलणं नव्हतं. अण्णांनी तिला विचारलं, "या गल्लीत तुमचं कुणाशी पटत नाही?" तिने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. अण्णा म्हणाले, "तम्मा, खडू संपला. कोपऱ्यावरनं घेऊन ये." तपासलेल्या दारांवर तारीख घालायचा खडू त्यांच्या खिशात होता, मला दिसत होता. तरी मी गेलो. परत आलो तेव्हा ती दोघं लिंबाच्या लोणच्यात तेल किती घालायचं यावर वाद घालत होती. त्यांचं दुसरं काही बोलणं झालं होतं का, हे मला कधीच कळलं नाही.

"आता शेवटचं घर राहिलं," अण्णा म्हणाले.

ते आमचं घर होतं. भर दुपारची वेळ. सायकल त्यांनी दाराशी टेकवली, कॅन तिला लटकलेलाच होता. आईने "बसा की हो, इतक्या दिवसांनी आलात" म्हणून पाट मांडला. वहिनी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. अण्णांनी तिला बघून नुसती मान हलवली.

"नीरु कोड्री अक्का."

आईने माठातला पेला भरून दिला. नळीत थोडं घेतलं, दोन थेंब पडले. मी बघत होतो. पाणी पिवळं झालं नाही. क्लोरीनची गोळी आईने माठात टाकलीच नव्हती, तिला वास आवडत नाही. अण्णांनी पेला उचलला आणि ओठांपाशी नेऊन थांबले. माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं कोण जाणे, मला तो फार वाटला. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पिऊ नका, आमच्याकडे मोटार आहे. तेवढं बोललो असतो तर दादाची मान खाली गेली असती, माझी नोकरी कदाचित गेली असती, आणि गल्लीने आम्हाला उभं केलं नसतं. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं, आणि मी वहीत बघायला लागलो. अण्णांनी पेला रिकामा केला.

"पाणी कुठलं लिहू?" मी विचारलं.

"तुझं घर. तूच लिही."

मी लिहिलं, नळाचं. अण्णांनी दारावर खडूने तारीख घातली, आईला नमस्कार केला आणि कॅन हलवत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या फाटकात उभा राहिलो. अण्णा नेहमीप्रमाणे तासभर उशिरा आले. सायकलवरून उतरायच्या आत मी सांगून टाकलं, मोटार, टब, नळी, सहा घरं, सगळं.

त्यांनी स्टँड लावला. सुतळीची गाठ नीट केली, होकाराची मान हलवली. मग म्हणाले, "हौदु. पाणी परवा येणार. आज काढा मोटार."

"आणि रिपोर्ट?"

"घरच्यांनी स्वतः सांगितलं, स्वतः काढली. असं लिही. खोटं आहे काय?"

खोटं नव्हतं. मी दादाला घेऊन मोटार काढली, साहेबांपुढे नेऊन ठेवली आणि शिव्या खाल्ल्या. नोकरी राहिली. गल्लीत खोदलं तेव्हा दिसलं, जुना पाइप गटाराखालून जात होता आणि तिथला सांधा सुटला होता. मोटार ओढायची तेव्हा पाण्याबरोबर गटारातलंही आत यायचं, आमच्या टाकीत पडायचं आणि आमच्या प्रेमाच्या सहा घरांना नळीने पोचायचं. आईच्या रागातलं घर तेवढं वाचलं. सांधा नवा बसवला, टाकी घासून धुतली, पिंपांत गोळ्या टाकून घेतल्या. त्यानंतरही थोडे दिवस एक-दोघं पिवळे झाले, मग थांबलं. गल्लीचा राग मात्र कावीळ झाली म्हणून नव्हता, मोटार काढली म्हणून होता. शिंप्याने माझे कपडे शिवणं बंद केलं ते अजून बंदच आहे.

वहिनी सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, आता शाळेत जाते आणि मला जुमानत नाही. आमच्या घरात कुणालाच कावीळ झाली नाही. ती का झाली नाही हे मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले काहींच्या अंगातून ती न दिसता जाते, काहींना होतच नाही. मला यातून काही कळलं नाही, पण मी मान हलवली.

त्या दुपारनंतर साधारण महिन्याने अण्णा ऑफिसला येईनात. मी अळणावरला त्यांच्या घरी गेलो. अंगणात बाजेवर बसले होते. डोळे हळदीसारखे पिवळे. आमच्या माठातल्या पेल्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, ते दहा घरचं पाणी प्यायचे. पण तो पेला माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला चहा दिला आणि आत गेल्या. मी विचारलं.

"अण्णा, तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं ना?"

"काय?"

"आमच्या पाण्याचं. माहीत असून का प्यालात?"

"तहान लागली होती रे. ऊन किती होतं!"

"तुमच्या सायकलला पाच लिटरचा कॅन होता."

"तो रिकामा होता."

मला राग आला. आजारी माणसावर रागावू नये, तरी आला. संध्याकाळी रिकामा होणारा कॅन भर दुपारीच रिकामा कसा असेल? मला वाटलं, मला बोलतं करायला हा माणूस ते पाणी प्याला आणि आता मोठेपणाने झाकतोय. मग वाटलं, तसं असेल तर तो एक दिवस थांबला का? थेट टब उचलून मोटार का नाही दाखवली? आणि खरंच काही माहीत नसेल तर माझ्याकडे तसं बघितलं का? मी हे सगळं विचारणार तेवढ्यात ते म्हणाले, "इर्ली, सोड. मोटारीशिवाय पाणी किती येतं तुमच्याकडे?"

"अर्धं पिंप."

"पुरतं मग. वहिनीला जपा."

ते बरे झाले, पुन्हा कामावर आले, पुन्हा घरोघर पाणी मागायला लागले. पुढे निवृत्त झाले. मी दोन-तीनदा भेटलो, विषय काढला, त्यांनी दर वेळी पावसापाण्याचं विचारलं. गेल्या वर्षी झोपेतच गेले. बाराव्याला मी अळणावरला गेलो होतो. निघताना काकूंनी माळ्यावरून तो कॅन काढून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "हे तुमच्या हुबळीचं. इथे काय करू?" मांडीवर कॅन घेऊन मी रेल्वेत बसलो होतो, आणि लोक मला ताक कसं लिटर विचारत होते.

घरी येऊन तो मागच्या अंगणात ठेवला, धुण्याच्या दगडापाशी. वहिनी कपडे वाळत घालत होती. तिने वळून बघितलं आणि हातातली चादर तशीच धरून म्हणाली, "अय्या, हा कॅन! हा तुमच्याकडे कसा आला भावजी?"

"तुला काय ठाऊक हा कॅन?"

"ठाऊक काय! याच्यातलं पाणी प्यायलेय की मी. कामणीच्या वेळी. गल्लीत पहिला माणूस आजारी पडला ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज. तुम्ही ऑफिसला गेलात आणि आई मारुतीला गेल्या की मागच्या दाराने यायचे ते. माझी कळशी भरायची आणि जायचं. धाकट्या बहिणीला म्हणावं तसं 'तंगी, दुसरं पाणी तोंडाला लावू नकोस' म्हणायचे. अजून एक-दोघी पोटुशा बायका होत्या पलीकडे, त्यांच्याकडे पण जायचे म्हणे."

"मला कधी बोलली नाहीस?"

"दिराला सांगू नको म्हणाले."

"का?"

"ते नाही सांगितलं. मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मागच्या दाराने यायचे म्हणजे... टब दिसला असेल त्यांना?"

वहिनीने थोडा विचार केला. "कॅन त्या टबावरच टेकवायचे," ती म्हणाली. "पण टब उचलून बघितलेला मला आठवत नाही."

पुन्हा तेच. माहीत होतं की नव्हतं? मी तिथेच दगडावर बसलो. मग विचारलं, "आमच्याकडे पाणी तपासायला आले, भर दुपारी, आईने पेला दिला, त्या दिवशीही सकाळी आले होते?"

"आले होते. त्या दिवशी तर शेवटच्या थेंबापर्यंत ओतला. म्हटलं, अण्णा, ऊन आहे, थोडं तुमच्यासाठी ठेवा. तर म्हणाले, मला कुठेही मिळतं."

ती चादर झटकून दोरीवर टाकायला गेली. मी सुतळी सोडून झाकण उघडलं आणि उगीचच आत बघितलं. त्या दुपारी अण्णांनी माझ्या आईपुढे हात केला तेव्हा कॅन खरंच रिकामा होता. त्यांना तहान लागली होती, आणि मी हातभर अंतरावर वही घेऊन गप्प उभा होतो.